सोड्याआधी रवंथ मोजा

प्रश्न : माझे गाव हिंगणा तालुक्यात आहे. घरी दोन संकरित गाई, एक गवळाऊ बैलजोडी आणि वीस-बावीस मेंढ्या आहेत. जनावरे कडब्याचे जाड धांडे दावणीतच टाकून देत असत, म्हणून यंदाच्या उन्हाळ्यापासून आम्ही कडबा अगदी बारीक, जवळजवळ भुशासारखा करून घालू लागलो. जोडीला प्रत्येक गाईला सकाळी दीड किलो सरकीची ढेप आणि दीड किलो मक्याचा भरडा पाण्यात कालवून आंबोण म्हणून देतो, संध्याकाळी पुन्हा तेवढेच. सुरुवातीला दूध वाढले. आता मात्र फॅट ४.१ वरून ३.२ वर आले आहे, शेण पातळ आणि फेसाळ पडते, आणि गाई पूर्वीसारख्या रवंथ करताना दिसत नाहीत. ओळखीच्या एकाने खायचा सोडा द्यायला सांगितले. वडील म्हणतात, “लाळच कमी पडून राह्यली, सोड्यानं का होते?” लाळेचा पचनाशी खरोखर एवढा संबंध असतो का? सोडा किती द्यावा? मेंढ्यांनाही हेच लागू पडते का? शिवाय पोळ्याला बैलांना पुरणपोळी द्यावी की नाही, यावर घरात दरवर्षी वाद होतो, तेही सांगावे.
– एक पशुपालक, जि. नागपूर

उत्तर : आपल्या वडिलांनी गोठ्यात बसून जे ओळखले आहे, ते योग्य दिशेचे आहे. जनावर प्रत्यक्ष न पाहता केवळ पत्रावरून ठाम निदान करणे मला पटत नाही. तरीही फॅट उतरणे, शेण पातळ व फेसाळ होणे आणि रवंथ कमी होणे या तीन गोष्टी एकाच गोठ्यात, एकाच सुमारास आणि चारा बदलल्यानंतर दिसू लागल्या असतील, तर कोटीपोटातील (गाईच्या पहिल्या, मोठ्या पोटातील) आम्लता वाढल्याचा, म्हणजे सौम्य स्वरूपाच्या आम्लधर्मीय अपचनाचा संशय सर्वांत आधी घ्यावा लागतो. सोड्याचे प्रमाण मी पुढे सांगितले आहे, परंतु गाय स्वतःच रोज किती सोडा तयार करते याचा हिशेब आधी मांडला, तर त्या प्रमाणाची खरी किंमत आपल्या लक्षात येईल.

लाळ म्हटली की आपल्यासमोर आपलीच लाळ येते. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिले की तो गोडसर लागू लागतो, कारण माणसाच्या लाळेतील विकर पिठातल्या स्टार्चचे साखरेत रूपांतर करू लागते. गाय, म्हैस, मेंढी यांच्या लाळेत हे विकर जवळजवळ नसतेच. दूध पिणाऱ्या वासराच्या लाळेत दुधातील स्निग्धांश फोडणारे एक विकर असते, तेवढा अपवाद. मोठ्या जनावराची लाळ स्वतः चारा पचवत नाही. चारा पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांना जगता येईल असे वातावरण ती राखते, आणि आपल्या गोठ्यात नेमके तेच वातावरण बिघडलेले दिसते.

हे सूक्ष्मजीव कोटीपोटात, म्हणजे पशुवैद्यक ज्याला रुमेन म्हणतात त्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या पोटात राहतात. मोठ्या गाईत ते शंभर लिटरहून अधिक मावेल एवढे असते. तेथे चारा आंबतो आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. गाईला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा याच आम्लांतून येते, त्यामुळे आम्ल तयार होणे हा काही दोष नव्हे, ती तर गाईची कमाई. अडचण एवढीच की ही आम्ले दिवसाकाठी काही किलोंच्या प्रमाणात तयार होतात आणि कोटीपोटाच्या भिंतीतून कोणताही पाचकरस स्रवत नाही. भिंत आम्ल शोषून घेते आणि शोषताना काही बायकार्बोनेट आत सोडते, हे खरे. पण राहिलेल्या आम्लाचा समतोल राखणारी वस्तू वरून, तोंडातून, गिळली जावी लागते. ती म्हणजे लाळ.

मोठ्या दुधाळ गाईच्या तोंडात रोज १०० ते १५० लिटर लाळ तयार होते, तर मेंढीच्या तोंडात ६ ते १६ लिटर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे आकडे खोटे वाटतात, कारण यातला थेंबही बाहेर दिसत नाही. सगळी लाळ गिळली जाते. या लाळेचा सामू (पीएच) ८ च्या वर, म्हणजे अल्कधर्मी असतो, कारण तिच्यात सोडियम बायकार्बोनेट, म्हणजेच खायचा सोडा, आणि फॉस्फेट भरपूर असतात. एका लिटर लाळेत ढोबळमानाने १० ग्रॅम खायच्या सोड्याइतके बायकार्बोनेट धरले, तर १०० लिटर लाळेतून दिवसाला किलोभर सोडा गाईच्या पोटात उतरतो, तोही थोडा थोडा करून, चोवीस तास. आपल्या संकरित गाई अंगाने लहान असतील तर हा आकडा थोडा खाली येईल, पण हिशेबाची जात तीच राहील. दुकानातून आणून आपण जो सोडा देणार, तो फार तर शे-दीडशे ग्रॅम असेल.

आता ही लाळ कमी कशी पडते ते पाहू. कानाखालच्या मोठ्या ग्रंथी, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथी, शिवाय गालांतल्या लहान ग्रंथी मिळून हे काम करतात. त्यांत कानाखालच्या ग्रंथींचा वाटा मोठा. त्यांचा पाण्यासारखा पातळ, अल्कधर्मी स्राव जनावर झोपलेले असले तरी थांबत नाही. मात्र विश्रांतीच्या वेळी तो मंद असतो, चारा खाताना वाढतो आणि रवंथ करताना सर्वाधिक होतो. जबड्याची हालचाल आणि कोटीपोटाच्या पुढच्या भागाला, अन्ननलिकेच्या तोंडाशी होणारा जाडसर चाऱ्याचा खरखरीत स्पर्श, या दोन गोष्टी या ग्रंथींना जागे ठेवतात. भुशासारखा दळलेला कडबा पोटात गेला की हा स्पर्शच नाहीसा होतो.

या बाबतीत इंग्लंडमध्ये केलेली आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेली मोजमापे मला आजही सर्वांत बोलकी वाटतात. ज्या गाईंच्या कोटीपोटाला बाहेरून झाकण असलेले भोक ठेवलेले होते, त्यांनी गिळलेला प्रत्येक घास अन्ननलिकेच्या तोंडाशीच गोळा करून त्यात लाळ किती मिसळली आहे हे मोजण्यात आले. गंमत अशी की दर मिनिटाला मिसळणारी लाळ सर्व खाद्यांत जवळपास सारखीच, पाव लिटरच्या आसपास निघाली. फरक होता तो खाण्याच्या वेगात. दाबून केलेल्या खुराकाच्या गोळ्या गाय मिनिटाला साडेतीनशे ग्रॅमच्या वेगाने गट्ट करत होती, तर वाळलेले गवत मिनिटाला फक्त सत्तर ग्रॅम. त्यामुळे एक किलो खुराकाबरोबर जेमतेम ७०० मिलिलिटर लाळ पोटात गेली, आणि एक किलो वाळलेल्या गवताबरोबर साडेतीन लिटरहून अधिक.

हेच गणित आपल्या दावणीला लावून पाहा. आपण सकाळी तीन किलो ढेप-भरडा देता. कोरड्या स्वरूपात दिला तरी त्याबरोबर दोन लिटरच्या आसपास लाळ गेली असती; आपण तो पाण्यात कालवून आंबोण करता, म्हणजे गाय तो खातही नाही, ओढून पिते. तीन किलो वाळलेला लांब चारा खाल्ला असता तर अकरा लिटरच्या आसपास लाळ गेली असती आणि नंतर रवंथाच्या वेळी पुन्हा तितकी किंवा त्याहून जास्त आली असती. शिवाय मक्याच्या भरड्यातून आम्ल कडब्यापेक्षा कितीतरी लवकर सुटते. म्हणजे जे खाद्य सर्वांत जास्त आम्ल करते, तेच सर्वांत कमी लाळ घेऊन आत जाते. ढेपेला मी फारसा दोष देणार नाही, कारण तिच्यात स्टार्च कमी असतो; दोष भरड्याचा, आंबोणाच्या पातळपणाचा आणि दळलेल्या कडब्याचा आहे, आणि हे तिन्ही आपल्या गोठ्यात एकत्र आले आहेत.

आज रात्री जेवण झाल्यावर गाई बसल्या की कंदील किंवा मोबाइलचा उजेड थोडा दूर ठेवून एका गाईच्या मानेच्या डाव्या बाजूकडे पाहत बसा. आधी ती किंचित श्वास ओढते, मग छातीकडून जबड्याकडे एक फुगवटा झरकन वर सरकताना दिसतो. तोंडात आलेल्या गोळ्यातले पाणी ती लगेच गिळून टाकते आणि मग जबडा आडवा, एका लयीत फिरू लागतो. मिनिटभर चघळून झाले की तोच फुगवटा खाली उतरतो, चार-पाच सेकंद सगळे शांत होते आणि पुढचा गोळा वर येतो. एका गोळ्याला जबडा किती वेळा फिरतो ते मोजा, आणि असे सात-आठ गोळे मोजून सरासरी काढा. ५० ते ६० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर समाधान मानावे. ४० च्या आत राहिला तर चाऱ्यात चावण्याजोगे काही उरलेले नाही असे समजावे. चांगला चारा मिळणारी गाय दिवसाचे सात ते नऊ तास या कामात घालवते आणि त्यातला बराच भाग रात्रीचा असतो, हेही ध्यानात ठेवावे, कारण दुपारच्या एका फेरीत ‘गाय रवंथ करत नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य ठरत नाही.

लाळ कमी पडली की कोटीपोटाचा सामू घसरतो. निरोगी स्थितीत तो साधारण ६.२ ते ६.८ च्या दरम्यान असतो. तो ६ च्या खाली गेला की कडब्यातील तंतू फोडणारे जिवाणू मंदावतात, आणि साडेपाचच्या आसपास वारंवार जाऊ लागला की सौम्य अपचन कायमचे ठाण मांडते. दुधातील फॅट बनवण्यासाठी लागणारे ॲसिटिक आम्ल मुख्यतः तंतूंच्या पचनातून मिळते. म्हणूनच आपल्या संकलन केंद्रावरच्या यंत्राने ३.२ दाखवले, तेव्हा ते दुधाबरोबरच कोटीपोटाचीही बातमी देत होते. अर्धवट आंबलेला माल पुढे आतड्यात जाऊन आंबतो, त्यामुळे शेण पातळ आणि फेसाळ होते, कधी त्यात मक्याचे कण तसेच दिसतात. हे काही महिने चालू राहिले तर खुरांना सूज येऊन गाय जपून पाऊल टाकू लागते, आणि मालक मात्र खुरांवर औषध लावत बसतो. सामू ५ च्या आसपास किंवा खाली गेला तर लॅक्टिक आम्ल साचते आणि जनावर एक-दोन दिवसांत दगावू शकते. लग्नातला उरलेला भात, बुंदी आणि पोळ्या घमेलेभर खाऊन आडव्या पडलेल्या गाई मी नोकरीच्या काळात दर लग्नसराईत पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या सगळ्या वाचल्या नाहीत.

लाळेची आणखीही कामे आहेत. बरसीम किंवा कोवळा लसूणघास उपाशी पोटी भराभर खाल्ला की कोटीपोटात फेस धरतो आणि वायू त्या बुडबुड्यांत अडकून पोट फुगते. लाळेतील चिकट द्रव्य हा फेस मोडायला मदत करते, म्हणून हिरव्या चाऱ्याआधी थोडा कडबा चावायला घालण्याची जुनी पद्धत शहाणपणाची आहे. रक्तातील युरियाचा काही भाग लाळेतून पुन्हा कोटीपोटात येतो आणि सूक्ष्मजीव त्यापासून प्रथिने बनवतात. एप्रिल-मे महिन्यांत नुसते तणस (भाताचा पेंढा) आणि कुटार (मळणीचा भुसा) खाऊन जनावरे तग धरतात, त्यामागे ही परतफेड असते. फॉस्फरसचेही तसेच. इतकी लाळ सतत आत ओतली जात असल्याने कोटीपोटातील पाणी वाहते राहते आणि वाढलेले सूक्ष्मजीव पुढच्या पोटांत जाऊन स्वतःच गाईचे अन्न होतात. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या कोटीपोटात कृत्रिम लाळ सोडून पाहिली, तेव्हा हा प्रवाह वाढताच आम्लांचे आपसातले प्रमाणही बदलले, प्रोपिऑनिक आम्लाचा वाटा कमी झाला. म्हणजे लाळेने आम्लता तर सांभाळली जातेच, शिवाय कोणते आम्ल किती बनेल यावरही तिचा हात असतो.

आपला बदल उन्हाळ्यात झाला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतपात तर गोठ्याच्या पत्र्याखाली बसवत नाही. अशा वेळी संकरित गाय तोंड उघडून धापा टाकते, जीभ बाहेर येते आणि लाळेच्या तारा जमिनीवर गळतात. जमिनीवर पडलेली लाळ कोटीपोटाच्या उपयोगाची राहत नाही. पण याहून आतला तोटा वेगळा आहे. जलद श्वासांमुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्त अल्कधर्मीकडे झुकते, ते सावरण्यासाठी मूत्रपिंडे बायकार्बोनेट लघवीतून टाकून देतात, आणि मग लाळेत घालायला रक्तातच बायकार्बोनेट कमी उरते. वर उकाड्याने गाय कडबा टाळते आणि थंडगार आंबोण मात्र आवडीने पिते. म्हणून उन्हाळ्यात कडबा रात्री आणि पहाटे घालावा, आंबोण वाढवू नये, छतावर तणस अंथरून पाणी मारावे आणि पिण्याचे पाणी सावलीत, दिवसभर समोर असावे.

आता उपाय. कडबा दळणे आजच थांबवावे आणि कुट्टीयंत्राची पाती अशी बसवून घ्यावी की तुकडे एक ते दीड इंचाचे पडतील. जाड धांडे टाकून देण्याची सवय मोडण्यासाठी एका वेळी दावण भरून न टाकता थोडे थोडे घालावे आणि त्यावर मिठाचे हलके पाणी शिंपडावे. तरी काही धांडे वाया जातील, ते जाऊ द्यावेत, कारण ते बारीक करून पोटात घालण्याची किंमत आपण फॅटमध्ये मोजत आहात. तुरीचे किंवा सोयाबीनचे कुटार घरचे असेल तर ते अवश्य वापरावे, पण ते मुळातच बारीक असते, त्यामुळे त्याच्याबरोबर कडबा किंवा तणस हवेच. सकाळी दावणीत पहिली वस्तू कोरडा चारा असावी, आणि जनावराने तो निदान अर्धा-पाऊण तास खाल्ल्यावर मगच खुराक समोर यावा. खुराक दोन वेळांऐवजी तीन किंवा चार वेळांत विभागावा. भरडा सध्या निम्म्यावर आणून त्याची जागा गव्हाच्या कोंड्याने आणि तुरीच्या चुनीने भरावी. ढेप भिजवायची असेल तर फक्त ओलसर होईल इतकीच भिजवावी. चमच्याने ओतता येईल असे आंबोण आपल्या गाईंना सध्या देऊ नये. खुराकातला प्रत्येक बदल दहा ते पंधरा दिवसांत हळूहळू करावा, कारण कोटीपोटातील सूक्ष्मजीवांची वस्ती एका रात्रीत बदलत नाही, आणि चांगला बदलसुद्धा एकदम केला तर तिला धक्का बसतो.

आणि बसलेल्या गाईला उगाच उठवू नये. रवंथ बहुधा निवांत, बसलेल्या अवस्थेत होतो. ओला चिखलट गोठा, आखूड दावे, माश्या किंवा मध्यरात्री झाडलोट यांमुळे तो तुटतो, आणि त्याबरोबर लाळही.

सोड्याबद्दल बोलायचे तर वरील बदल जम धरेपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, प्रत्येक गाईला दिवसाला १०० ते १५० ग्रॅम खायचा सोडा खुराकात मिसळून, दोन-तीन वेळांत विभागून देण्यास हरकत नाही. तो एकदम पाण्यात घोळून नळीने पाजू नये. गाय चारा पूर्ण सोडून बसली असेल, पोट हलवल्यावर पाणी डुचमळल्यासारखे वाटत असेल किंवा ती उठत नसेल, तर घरगुती सोडा देण्यात वेळ न घालवता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. आपल्याला शहर जवळ असल्याने सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखानाही गाठता येईल. वर्षभर सोडा देऊन दळलेला कडबा चालू ठेवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. किलोभर सोडा देणाऱ्या लाळेची तूट शंभर ग्रॅमने भरून निघत नाही, आणि आपल्या वडिलांच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे. साध्या मिठाकडे मात्र दुर्लक्ष नको. लाळेतील बायकार्बोनेट सोडियमच्या सोबतीने येते आणि वाळलेल्या चाऱ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडे असते. म्हणून मोठ्या गाईला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम मीठ, आणि त्याशिवाय खनिज मिश्रण, चालू असावे.

मिठाचा विषय निघालाच आहे तर मेंढ्यांकडे वळू, कारण या बाबतीत जगाला शिकवले ते मेंढीनेच. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे डेरेक डेंटन यांनी कानाखालच्या ग्रंथीची नळी बाहेर वळवलेल्या मेंढ्यांवर दीर्घकाळ काम केले. लाळ बाहेर वाहून गेल्याने या मेंढ्यांच्या शरीरातले सोडियम घटत जाई, तसतसे लाळेतले सोडियम कमी होऊन त्याच्या जागी पोटॅशियम येई. आणि समोर सोडियमचे द्रावण ठेवले तर मेंढी आपली तूट जवळजवळ नेमकी भरून निघेल इतके पिऊन घेई. आपल्या मेंढ्यांना माळावर चरून आल्यावर मिठाची चाटण किंवा डोईपाठी ५ ते १० ग्रॅम मीठ मिळाले, तर तेवढे पुरे आहे.

चरणाऱ्या मेंढीला लाळ सहसा कमी पडत नाही, कारण ती दिवसभर चावत असते. तिचा धोका वेगळा. हरभरा किंवा गहू निघाल्यावर खळ्यावर, शेताच्या कोपऱ्यात धान्याचा ढीग राहतो आणि कळप त्यावर तुटून पडतो. अर्ध्या तासात खाल्लेल्या धान्याला पुरेल इतकी लाळ तिच्याकडे नसते. असे झाल्यास पुन्हा धान्य तर देऊच नये, फक्त वाळलेला चारा समोर ठेवावा आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. एक बारकावा येथे सांगण्यासारखा आहे. मेंढी धान्याचा दाणा स्वतः नीट चावते, म्हणून तिला ज्वारी-मका द्यायचाच असेल तर अख्खा द्यावा, भरडून नव्हे. त्यामुळे चघळणे वाढते आणि आम्ल हळू सुटते. गाईला अख्खा मका दिला तर बराचसा शेणात दिसतो, म्हणून तिला भरडावा लागतो, पण तो जाडसर भरडावा. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी कळपाला दिली नसेल तर तीही करून घ्यावी, कारण अति खाण्याने हा रोग मेंढ्यांत उसळतो.

आपल्या पत्रात नसलेली एक गोष्ट सावधगिरीसाठी लिहितो. लाळ गळताना दिसली म्हणजे लाळ भरपूर आहे असा समज करून घेऊ नये. बाहेर गळणारी लाळ हे नेहमी बिघाडाचे लक्षण असते. लाळ्या खुरकूत असेल तर तोंडात आणि खुरांत फोड दिसतील. कपाशीवरच्या फवारणीचे औषध चाऱ्यावर पडले असेल तर लाळेबरोबर थरथर आणि धाप असेल. काटोल-नरखेडकडे गळालेली संत्री जनावरांपुढे टाकतात, त्यांतले अख्खे संत्रे घशात अडकले की लाळ गिळता येत नाही, ती तोंडातून वाहते आणि वायू बाहेर पडत नसल्याने डावी कूस फुगते. संत्री टाकायचीच असतील तर चिरून टाकावीत. आणि लाळ गळत असून गाय वेगळाच आवाज काढत असेल, पाणी गिळता येत नसेल किंवा वागणे बदलले असेल, तर पिसाळण्याची शंका धरून तोंडात हात मुळीच घालू नये. घशात काही अडकले असेल म्हणून हात घालणारी माणसे मी पाहिली आहेत आणि नंतर त्यांना लसीसाठी पाठवावे लागले आहे.

राहिला पोळ्याचा वाद. पुरणपोळी म्हणजे मैदा किंवा कणीक, शिजलेली डाळ आणि गूळ. कोटीपोटाच्या दृष्टीने ते लवकर आंबणारे आणि न चावता गिळले जाणारे अन्न आहे. आपल्या घरची एक पोळी बैलाला काही करत नाही. पण बैल सजून तोरणाखालून निघतो आणि घरोघरी ओवाळला जातो. प्रत्येक दारी दोन पोळ्या धरल्या तरी संध्याकाळपर्यंत मोजदाद राहत नाही, आणि पोळ्याच्या पाडव्याला बैल वैरण सोडून बसतो. म्हणून त्या दिवशी सकाळी बैलांना पोटभर कडबा चारावा, घरी प्रत्येकी एकच पोळी द्यावी आणि मिरवणुकीत दोर धरणाऱ्या मुलाला सांगून ठेवावे की दारोदारच्या पोळ्या हातात घ्यायच्या, पण टोपलीत टाकायच्या. घरी आल्यावर त्या टोपलीवर मुलांचा हक्क राहील, बैलांपुढे पुन्हा कडबाच.